हायड्रा लावून झाड उतरवायचं आहे: वाचकांचे प्रश्न

मृग जवळ आला की विदर्भात गावोगाव झाडं उतरवण्याची कामं निघतात. शाळेवर झुकलेला कडुनिंब, रस्त्यात आलेली चिंच, गोठ्यावर वाळून उभी असलेली बाभूळ. आता या कामाला दोर-कुऱ्हाडीबरोबर हायड्रा (भार उचलून चालणारी क्रेन), जेसीबी आणि पेट्रोलवरची करवत येते. या अंकात अशी कामं करणाऱ्या आणि करवून घेणाऱ्या वाचकांचे प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न: आमच्याकडं 14 टनी हायड्रा भाड्यानं मिळते. चिंचेच्या खोडाचा घेर 6 फूट आहे. लाकडाचा व्यापारी म्हणतो, 10 फुटांचा तुकडा साडेबावीस घनफूट, म्हणजे सहा-सव्वासहा क्विंटल. मला 20 फुटांचा तुकडा एकदम उचलायचा आहे, पण ऑपरेटर 10 फुटांच्या वर जायला तयार नाही. 14 टनांच्या मशीनला सव्वा टन जड कसा? (ठेकेदार, ता. आर्वी, जि. वर्धा)

ऑपरेटरचं ऐका. तुमच्या हिशेबात चूक दोन जागी आहे, एक घनफुटात आणि दुसरी 14 टनांत.

व्यापारी गोलाईला चारनं भागतो, त्याचा वर्ग करतो आणि लांबीनं गुणतो. दीड गुणिले दीड गुणिले 10, म्हणजे साडेबावीस. हा हिशेब लाकूड विकण्यासाठी ठीक आहे, कारण चिराईत वाया जाणारा भाग त्यात आपोआप वजा होतो. क्रेनला मात्र वाया जाणारं लाकूडही उचलावं लागतं. खरं घनफळ काढायचं तर घेराचा वर्ग करा, लांबीनं गुणा आणि 12.57 नं भागा. 36 गुणिले 10 भागिले 12.57, म्हणजे साधारण 28.6 घनफूट. व्यापाऱ्याचा आकडा खऱ्याच्या 78-79 टक्केच भरतो, आणि हे प्रत्येक गोल लाकडाला लागू आहे.

आता वजन. हिरवं लाकूड घनफुटाला 28 किलो धरा, म्हणजे पाण्याइतकं. चिंच, बाभूळ, ऐन, अंजन असं जड लाकूड असेल तर 34 किलो. तुमचा 10 फुटांचा तुकडा 970 किलोंच्या घरात जातो आणि 20 फुटांचा दोन टनांच्या जवळ. खोड पोकळ आहे म्हणून वजन कमी धरू नका. जुन्या चिंचेच्या पोकळीत माती, कुजका भुसा आणि पाणी भरलेलं असतं. पानासकट फांदी उचलायची असेल तर मुख्य फांदीच्या वजनात आम्ही निदान तिसरा हिस्सा वाढवून धरतो.

14 टनांचं म्हणाल तर तो आकडा बूम (क्रेनचा लांब-आखूड होणारा हात) पूर्ण आत असताना, अगदी जवळच्या अंतरावर, कडक सपाट जमिनीवर आणि मशीन सरळ रेषेत उभी असतानाचा आहे. हुकाचं मशीनपासूनचं अंतर दुप्पट केलं की क्षमता निम्म्याहूनही खाली येते, कारण लांबलेल्या बूमचं स्वतःचं वजनही पुढं झुकतं. कॅबिनमधला लोड चार्ट, म्हणजे कोणत्या अंतरावर किती वजन उचलता येतं त्याचा तक्ता, वाचा. अंतर कुठून मोजायचं हे त्यावरच दिलेलं असतं आणि ते मशीनगणिक बदलतं. तुकडा उचलताना आणि ठेवताना हुक जितका लांब जाईल त्यातलं मोठं अंतर धरा. भार आल्यावर बूम किंचित वाकतो आणि अंतर आणखी वाढतं, ते वेगळं. हुकाचा ब्लॉक, शॅकल (जोडकडी) आणि स्लिंग (उचलायचा पट्टा किंवा दोर) यांचं वजनही चार्टच्या आकड्यातून वजा करायचं असतं.

हायड्रा मधोमध मोडून वळते. भार घेऊन वळताना बूम एका बाजूला जातो आणि मागचं वजन त्याच्या सरळ मागं राहत नाही, म्हणून समोर सहज पेलणारा भार वळणावर मशीन आडवी करतो. भार घेऊन चालायचंच असेल तर तुकडा जमिनीपासून फूट-दीड फूटच वर ठेवा, बूम आत घ्या आणि माणसाच्या चालीनं जा.

झाडकामासाठी आमचा दंडक असा: अंदाजे वजन त्या अंतरावरच्या चार्टच्या निम्म्यापेक्षा जास्त नको. कारखान्यातल्या यंत्रावर वजन कोरलेलं असतं, झाडावर नसतं. पहिला तुकडा मुद्दाम लहान घ्या आणि वजनदर्शकावरचा आकडा अंदाजाशी ताडून पाहा. दर्शक नसेल तर हुकाला लटकवायचा क्रेन काटा लावा, नाहीतर पहिली खेप धर्मकाट्यावर नेऊन या. अंदाजापेक्षा पाचवा हिस्सा जास्त निघालं तर पुढच्या प्रत्येक तुकड्याला पाचवा हिस्सा वाढवायचा. ज्या मशीनचा ओव्हरलोडचा भोंगा तोडून ठेवला आहे, ती मशीन कामावर घेऊ नका.

प्रश्न: झाड वावरात आहे, विहिरीपासून 12 फुटांवर. जमीन भारी काळी, पण सध्या खडखडीत वाळलेली आहे. जॅकवाली (बाजूला लोखंडी पाय टेकवून उभी राहणारी) ट्रक-क्रेन आत नेता येईल का? (शेतकरी, ता. वरुड, जि. अमरावती)

वरून वाळलेल्या काळ्या जमिनीवर भरवसा ठेवू नका. भेगा पडलेला थर फूट-दीड फुटांचा असतो, त्याखाली ओल टिकून असते. संत्र्याच्या बागेत ओलित चालू असेल तर ती आणखी वर असते. लोखंडी सळई पायानं दाबून ठिकठिकाणी घुसवून पाहा. हाताच्या जोरानं सहज जाते तिथं जॅक नको.

हिशेब मांडून पाहू. क्रेन 20 टनांची आणि भार 2 टनांचा, एकूण 22. बूम एका कोपऱ्यावर आला की त्यातला 75 टक्के, म्हणजे साडेसोळा टन, एकाच जॅकवर येऊ शकतो. जॅकची थाळी 40 सेंटिमीटर चौरस असेल तर जमिनीवर चौरस मीटरला 103 टन दाब पडतो, आणि काळी माती तो झेलत नाही. तीच थाळी 1.2 मीटर चौरस जाड फळ्यांच्या पाटावर ठेवली तर दाब साडेअकरा टनांवर येतो. पाट सागाच्या किंवा बाभळीच्या जाड फळ्यांचा असावा, दोन थर एकमेकांना आडवे, बोल्टनं आवळलेले. विटा, दगड आणि रेल्वेचा एखादा स्लीपर असा जुगाड भाराखाली सरकतो. प्रत्येक तुकड्यानंतर जॅकपाशी जाऊन बघा आणि पातळी पुन्हा तपासा. जॅक बोटभर जरी खचला तरी उंच बूमचं टोक हातभर बाहेर जातं.

विहिरीचं उत्तर मात्र सरळ नाही असंच आहे. बांधीव नसलेल्या विहिरीपासून निदान तिच्या खोलीइतकं लांब राहायचं, आणि माती मऊ असेल तर त्याच्या दीडपट. 40 फूट खोल विहिरीपासून 12 फुटांवर कोणतीही क्रेन उभी राहत नाही. क्रेन पलीकडच्या बाजूनं लावा. तिकडून अंतर जास्त पडत असेल तर तुकडे लहान करा. गावठाणात हीच काळजी शोषखड्ड्याची, संडासाच्या टाकीची आणि नालीच्या काठाची घ्यावी लागते. घरच्या म्हाताऱ्या माणसांना आधी विचारा, जुने खड्डे कुठं बुजवले आहेत ते त्यांना माहीत असतं.

प्रश्न: झाड कापून झालं. बुंधा हायड्रानं उपटून काढता येईल ना? (ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

नाही. जमिनीत रुतलेल्या बुंध्याला वजन नसतं, पकड असते, आणि ती किती टनांची आहे हे कोणीच सांगू शकत नाही. मशीन मागून उचलली जाते, ऑपरेटर आणखी जोर लावतो, एक मूळ कडकन तुटतं आणि सगळा ताण एका झटक्यात सुटतो. तेव्हा बूम मागं फेकला जातो किंवा वायर रोप तुटून चाबकासारखा फिरतो. आडवं ओढणं तर त्याहून वाईट, कारण बूम बाजूनं ताण घेण्यासाठी बनवलेलाच नसतो.

जेसीबीनं बुंध्याभोवती मीटरभर अंतरावर चर खोदा, मुळं तोडा आणि बुंधा हलवून पाहा. तो सुटा झाला की मग क्रेन लावा. तेव्हाही माती धरून वजन काढा: दीड मीटर रुंद आणि मीटरभर खोल ओल्या काळ्या मातीचा गोळा सव्वातीन टनांच्या आसपास भरतो. आधी माती झाडून काढली तर निम्मं काम हलकं होतं. चरात माणूस उतरलेला असताना जेसीबीचा पंजा चालवायचा नाही.

प्रश्न: तुकडा सुटताना हमखास झोका खातो. गेल्या वर्षी करवत लाकडात अडकून क्रेनबरोबर वर गेली. पट्टा कुठं बांधावा आणि क्रेननं किती ताण द्यावा? (ता. मूल, जि. चंद्रपूर)

झोका येतो कारण हुक तुकड्याच्या तोलाच्या बिंदूवर नसतो. तुकडा सुटला की त्याचा तोल हुकाच्या बरोबर खाली येईपर्यंत तो फिरतो, आणि मध्ये जे येईल त्याला घेऊन जातो. साध्या खोडाचा तोल मध्यापासून जाड टोकाकडं असतो. पानाफांद्यांचा भार असेल तर तो शेंड्याकडं सरकतो. उभ्या खोडाचा पट्टा तोलाच्या बराच वर बांधा, म्हणजे तुकडा उभाच राहील. आडव्या फांदीला दोन पट्टे घ्या, तोलाच्या दोन्ही बाजूंना एकेक, आणि बूमचं टोक तोलाच्या बरोबर डोक्यावर आणा. ओळंबा सोडून बघितलं तरी चालेल.

दोन पट्ट्यांचा कोन लक्षात ठेवा. पट्टे आडव्याशी 60 अंशांत असतील तर प्रत्येकावर वजनाच्या 58 टक्के ताण येतो, 45 अंशांत 71 टक्के, आणि 30 अंशांत प्रत्येक पट्ट्यावर पूर्ण वजन. म्हणजे पट्टे आखूड घेऊन पसरवले की दोन पट्ट्यांचा फायदा संपला. फास घालून बांधलेला पट्टा त्याच्या लिहिलेल्या क्षमतेच्या 80 टक्केच धरायचा, वायर रोप 75 टक्के. पट्ट्यांचे रंग ठरलेले आहेत: जांभळा 1 टन, हिरवा 2, पिवळा 3, राखाडी 4, लाल 5. पण रंगापेक्षा शिवलेल्या लेबलावर विश्वास ठेवा. लेबल नाही, शिवण उसवली आहे, काठ कापला आहे किंवा डिंकानं कडक झाला आहे, असा पट्टा तिथल्या तिथं कापून टाका. नुसता बाजूला ठेवला तर संध्याकाळी कोणीतरी तो पुन्हा लावतो. वायर रोपच्या एका पिळाच्या लांबीत 10 तारा तुटलेल्या दिसल्या, किंवा एकाच लडीत 5, तर तो बाद. खोड गुळगुळीत असेल तर फास सरकतो, म्हणून तो फांदीच्या खोबणीखाली किंवा गाठीखाली बसवा आणि पट्ट्याला दुसरा वेढा द्या.

ताण तुकड्याच्या अंदाजे वजनाइतकाच द्यायचा. कमी दिला तर काप पूर्ण होताच तुकडा खाली बसतो आणि क्रेनला झटका देतो. जास्त दिला तर तो वर उसळतो, कधी अर्ध्या कापातच चिरून फाटतो. करवतीनं काप आरपार पूर्ण करायचा. मग करवत बाहेर, चेन ब्रेक (साखळी थांबवणारी कळ) लावलेला, करवत्या बाजूला, आणि त्यानंतरच उचलण्याची खूण. काप आवळून करवत अडकली तर क्रेननं ओढू नका. तिचं इंजिन बंद करा, पाचर ठोका, नाहीतर दुसऱ्या करवतीनं वेगळा काप घ्या. तुमची करवत वर गेली ती खूण काप पूर्ण होण्याआधी दिल्यामुळं. सुटल्यावर वजनदर्शक अंदाजाच्या वर गेला तर तो तुकडा घेऊन फिरू नका, तिथंच खाली घ्या.

खुणा एकाच माणसानं करायच्या, फक्त 'थांब' कोणीही ओरडू शकतो आणि तो ऐकलाच पाहिजे. शब्द आधी ठरवा. 'सोड' हा शब्द कामावर आणूच नका. ऑपरेटरला तो 'खाली घे' असा ऐकू येतो आणि दोर धरणाऱ्याला 'दोर सोडून दे' असा. 'वर', 'खाली', 'थांब' एवढे पुरतात. झोका आवरायला तुकड्याला 15-20 फुटांचा वेगळा दोर बांधा आणि दोन्ही बाजूंनी दुरून धरा. तो दोर हाताला किंवा कमरेला गुंडाळून घ्यायचा नाही.

प्रश्न: शाळेजवळच्या कडुनिंबाच्या फांद्यांतून 11 केव्हीची लाइन जाते आणि खालून घरगुती तारा. आमच्याकडं रोज ठरलेल्या वेळी वीज बंद असते. त्या वेळात काम उरकलं तर चालेल का? (ग्रामपंचायत सदस्य, ता. मेहकर, जि. बुलडाणा)

अजिबात नाही. बंद असलेली वीज आणि शटडाऊन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारनियमनाची वेळ बदलते, बिघाड दुरुस्त झाला की लाइन कधीही चालू होते, आणि झाडावर माणूस आहे हे उपकेंद्रात कोणालाही माहीत नसतं.

महावितरणच्या शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्या. कामाच्या दिवशी लाइनमन जागेवर हजर हवा. त्यानं एबी स्विच (खांबावरचा लाइन तोडणारा स्विच) उघडून कुलूप लावलं, डीपीवरचे (ट्रान्सफॉर्मरवरचे) फ्यूज काढले, लाइन मेली आहे हे तपासलं आणि कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग केलं, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. लाइन बंद केल्याचं लेखी परमिट हातात आल्याशिवाय करवत सुरू करायची नाही. एकच बाजू अर्थ केली तर दुसरीकडून एखाद्या जनरेटरचा उलटा प्रवाह येऊ शकतो. अनेक गावांत गावठाण फीडर आणि कृषी फीडर वेगळे आहेत आणि दोन्हींच्या तारा जवळजवळून जातात, तेव्हा कोणता बंद केला ते नावानिशी विचारा. खालच्या तारांत पथदिव्यांची वेगळी तार असते. ती दिवसा मेलेली वाटते आणि संध्याकाळी टायमरवर जिवंत होते.

शटडाऊन नसेल तर बूम, दोर, पट्टा, फांदी यांपैकी काहीही तारेच्या 3 मीटरच्या आत येता कामा नये. हा आकडा 50 केव्हीपर्यंतच्या लाइनसाठी अमेरिकेच्या नियमांत आहे. आपल्याकडं फांदी उसळते आणि तारा झोळ खातात, म्हणून लाइन किती केव्हीची हे नक्की होईपर्यंत 6 मीटर धरा. ऑपरेटरला कॅबिनमधून तारेचं अंतर कळत नाही, तेव्हा फक्त तारेकडं बघणारा एक माणूस वेगळा ठेवा. हिरवं लाकूड वीज वाहून नेतं, ओला नायलॉनचा दोरही नेतो, आणि टायर रबरी आहेत म्हणून हायड्रा सुरक्षित असते हा समज खोटा आहे.

तरीही बूम तारेला लागलाच तर ऑपरेटरनं कॅबिनमध्येच बसून राहायचं आणि जमलं तर बूम तारेपासून दूर घ्यायचा. खालच्यांनी 10 मीटर मागं सरकायचं, मशीनला किंवा लटकलेल्या लाकडाला हात लावायचा नाही. लाइन एकदा पडून पुन्हा चालू होऊ शकते, म्हणून लाइन बंद झाल्याचा निरोप येईपर्यंत कोणीही जवळ जायचं नाही. फोन उपकेंद्राला किंवा 1912 ला करा, रुग्णवाहिकेसाठी 108. मशीननं पेटच घेतला तरच उडी मारायची: दोन्ही पाय जुळवून, मशीन आणि जमीन एकाच वेळी अंगाला न लागता. मग पाय जमिनीवरून न उचलता घासत-घासत लांब जायचं. धावलं की दोन पायांमध्ये विजेचा फरक पडतो आणि माणूस तिथंच कोसळतो.

काम सुट्टीच्या दिवशी ठेवा. शाळा चालू असताना मुलांना वर्गात बसवून काम केलं तर मधल्या सुट्टीत ती बाहेर येणारच.

प्रश्न: जेसीबीच्या बकेटमध्ये उभं राहून फांद्या छाटणं कितपत सुरक्षित? काही जण हुकाला पट्टा लावून त्यात बसून वर जातात. (ता. साकोली, जि. भंडारा)

दोन्ही बंद करा. जेसीबीचा बकेट माणसासाठी नाही. त्याला कठडा नाही, हायड्रॉलिक पाइप फुटला तर तो खाली येतो आणि ऑपरेटरचा पाय चुकला तर आपोआप उलटतो. हातात चालू करवत असली तर ती सगळ्यात आधी मांडीवर येते.

हुकावर बसलेल्या माणसाचा आणि लाकडाचा भार एकाच दोरावर राहतो, हे त्यातलं मोठं पाप. उंचावर काम करायला कठड्याची बूम लिफ्ट घ्या, ती तालुक्याला नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणाहून मागवा. तीही जमत नसेल तर पूर्ण अंगाचा हार्नेस घातलेला कसबी चढणारा लागेल. त्याचा दोर सुटणाऱ्या तुकड्याला नव्हे, झाडाच्या दुसऱ्या निरोगी फांदीला हवा. करवत चालवताना बांधणी दोन ठिकाणी हवी, त्यातली एक पोलादी गाभ्याच्या दोरानं, कारण साधा दोर करवतीनं क्षणात कापला जातो. वाळलेल्या, कुजलेल्या किंवा वीज पडलेल्या झाडावर माणूस चढवायचाच नाही.

बाकी सामान: हनुवटीला पट्टा असलेलं हेल्मेट, जाळी किंवा चष्मा, कानाला बोंडं, करवत्याला चेन अडवणारी पॅण्ट आणि बूट. स्लिपर घातलेला माणूस गेटातूनच परत पाठवा. धुऱ्यावरच्या जुन्या झाडांत काटेरी तार आणि खिळे लाकडानं गिळलेले असतात. सालीवर आडवी वळकटी दिसली तर तिथं काप घेऊ नका, फूटभर वर किंवा खाली घ्या.

प्रश्न: झाडावर आग्या मोहोळ आहे. धूर करून काम सुरू करावं का? (ता. काटोल, जि. नागपूर)

करू नका. करवतीचा आवाज, खोडाचा हादरा आणि धूर या तिन्हींनी आग्या माशी उठते, आणि वर बांधलेल्या माणसाला पळता येत नाही. मोहोळ उतरवणाऱ्या जाणत्या माणसाकडून आधी, अंधार पडल्यावर, ते काढून घ्या आणि दोन दिवस थांबा, कारण उरलेल्या माश्या जुन्या जागेवर घिरट्या घालतात. कॅबिनला काचा नसतील तर ऑपरेटरसाठी जाळीची टोपी ठेवा. चढणाऱ्याला गरज पडली तर दोर कापून खाली घ्यायला दुसरा माणूस हार्नेस घालून तयार असावा, आणि माश्या उठल्याच तर आडोशाला पळायची वाट मोकळी असावी.

क्रेन ठरवण्याआधी परवानगीही पाहून घ्या. साग, मोह, चिंच, आंबा, जांभूळ, ऐन, बिजा अशी झाडं 1964 च्या राज्याच्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, स्वतःच्या वावरातली असली तरी. कागद हातात नसताना मशीन आली की भाडं चालू होतं आणि काम घाईत उरकावं लागतं.